व्यंकटभाऊंसाठी दोन मिनिटं

"मेलेल्या माणसाला भेटायला कुणी एवढ्या लांब जातं का?" असं माझ्या नवऱ्यानं विचारलं, तेव्हा मी बॅगेत पांढरी साडी ठेवत होते. त्याचंही चूक नव्हतं. चिपळूण कुठं आणि नांदेड कुठं! त्यातून व्यंकटभाऊ माझे ना नात्याचे ना गोत्याचे. त्यांना मी एकदाही प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. पण गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर मी अंथरुणात पडून होते, तेव्हा या माणसानं मला मोबाईलमधून हसवलं होतं. सुरू न होणारी एसटी, उद्घाटनाला उशिरा आलेला सरपंच, लग्नात रुसलेला मामा, अशा नकला ते एकटे उभे राहून करायचे. मी इतकी हसायचे की नर्सबाईंनी एकदा मोबाईलच काढून घेतला. गेल्या वर्षी ते गेल्याचं कळलं तेव्हा मी दुकानात ब्लाउज बेतत होते. डोळ्यांतून पाणी आलं, तर समोरच्या गिऱ्हाइकाला वाटलं, माझ्या हातून तिचं कापड बिघडलं.

त्यांच्या चाहत्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यावर निरोप आला, की पहिल्या स्मृतिदिनाची सभा नांदेडला आणि त्यानंतर दोन दिवसांनी वर्षश्राद्धाचं कीर्तन त्यांच्या गावी, लातूरजवळच्या मुरुडला. मी नवऱ्याला म्हटलं, "दुकान तू सांभाळ, गुडघे मी सांभाळते. मी चालले." आणि पनवेलहून गाडी धरली.

सकाळी नांदेडला उतरले तर थंडी कडाक्याची. आम्हा कोकणातल्या माणसांना थंडी म्हणजे पंखा एकवर करायची वेळ. इथं माणसं कानाला मफलर गुंडाळून, हात चोळत उभी होती. मला न्यायला खलीलभाई आले होते. व्यंकटभाऊंच्या कार्यक्रमाला वर्षानुवर्षं स्पीकर आणि माईक लावणारे ते हेच. पांढरी दाढी, अंगात स्वेटर, त्यावर कोट.

"चिपळूनच्या ताई ना? वळखलं मी," ते म्हणाले. "सगळ्या गाडीत तुमीच एकट्या बिगर स्वेटरच्या."

स्टेशनाबाहेरच्या चौकात पहिला गोंधळ झाला. व्यंकटभाऊंचा भलामोठा फ्लेक्स लागलेला, त्यात ते डोळे तिरळे करून जीभ बाहेर काढून उभे, आणि चारी कोपऱ्यांत रंगीत फुगे. मला कळेना, हा वाढदिवस की श्रद्धांजली?

"फोटो कुठून आणायचा ताई?" खलीलभाई म्हणाले. "एकबी धड फोटो न्हाई त्यांचा. क्यामेरा दिसला की तोंड वाकडं. आन फ्लेक्सवाल्याकडं फुगेवालंच डिझाईन तयार व्हतं."

त्यांनी मला एका टपरीवर नेलं आणि सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला, पोह्यांसारखा पदार्थ) खायला घातला. वर शेंगदाण्याचं कूट आणि तोंडी लावायला तळलेली मिरची. मी दोन प्लेटी खाल्ल्या. मग गोदावरीच्या घाटावर जरा टेकले. नदी संथ होती, पलीकडच्या काठावर कुणी तरी चादरी धूत होतं. वर्षभर साठवलेलं दुःख आता मोकळं करता येईल, असं मला फार शांत वाटलं. त्या शांततेचं पुढं काय होणार आहे, याची कल्पना असती तर मी आणखी एक प्लेट खाल्ली असती.

दुपारी मंगल कार्यालयात सभा होती. मी पांढरी साडी नेसून गेले. बाकीच्या बायका लाल, पिवळ्या, हिरव्या साड्यांत. कुणी नायगावहून आलेलं, कुणी धर्माबादहून. धर्माबादचे लोक आपसात निम्मं तेलुगू बोलत होते. पहिल्या रांगेत व्यंकटभाऊंची बायको प्रयागबाई आणि मुलगा नागनाथ बसले होते. प्रयागबाई बारीक चणीच्या, डोक्यावरून पदर, हात मांडीवर घट्ट धरलेले. एवढी माणसं आपल्या नवऱ्यासाठी आली आहेत, हे त्या पुन्हा पुन्हा मागं वळून बघत होत्या. शाल देऊन त्यांचा मान केला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

भाषणं झाली. मग अध्यक्षांनी माईक हातात घेतला आणि जड आवाजात म्हणाले, "आता आपण सगळे जण उभे राहून दोन मिनिटं मौन पाळूया."

सगळे उठले. मी डोळे मिटले. आणि मागून कुठून तरी नाकातून हवा सुटल्यासारखा आवाज आला. मला वाटलं, कुणाला तरी हुंदका आवरत नाहीये. मग शेजारून तसाच आवाज. डोळे उघडले तर माझ्या पुढच्या लठ्ठ गृहस्थांचे खांदे गदगदा हलत होते. एका बाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. अध्यक्षांनी तोंड स्टेजमागच्या तशाच फ्लेक्सकडं फिरवलं होतं आणि त्यांचीही पाठ हलत होती. एक जण फुटला, दुसरा फुटला, आणि अख्खं कार्यालय खो खो हसायला लागलं. कुणी गुडघ्यांवर हात ठेवून वाकलं, कुणी खुर्चीत कोसळलं. श्रद्धांजलीच्या मौनात!

पुढं प्रयागबाई वळून बघत होत्या. या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्यावर त्यांची नजर जात होती आणि प्रत्येक चेहरा हसत होता. त्यांनी नागनाथच्या बाहीला धरलं. त्यानं अध्यक्षांच्या हातातला माईक हिसकावला.

"माझा बाप मेलाय," तो म्हणाला. "आन तुमी दात काढूलालेत? परवा मुरुडला एकानंबी पाय ठिवायचा न्हाई. सांगून ठिवतो."

आईला हाताला धरून तो निघून गेला. शाल खुर्चीतच राहिली.

मी खलीलभाईंना गाठलं. खरं सांगते, मी रागानं लाल झाले होते. "तुम्हाला लाज नाही वाटत? त्या माउलीसमोर?" असं तोंडाला येईल ते बोलले. खलीलभाई मान खाली घालून ऐकत राहिले. डोळे पुसत होते, पण ते पाणी हसण्याचं होतं की रडण्याचं, हे मला ठरवता येईना. मग त्यांनी चहा सांगितला आणि बोलायला लागले.

"ताई, तुमी भाऊचा पोग्राम समोर बसून कधी बघितला न्हाई ना? सुरूच असा व्हायचा. भाऊ तोंड पाडून स्टेजवर यायचे. टोपी काढायचे. मनायचे, 'ज्यानं आपल्या गावाला जन्मभर उजेड दिला, ते काल अचानक गेलं. उभे राहा. दोन मिनिटं मौन.' सगळं गाव उभं. पाटलापसून लेकराबाळापत्तर. मी माईक बंद करायचो. भाऊ नुसते उभे. एकेकाच्या तोंडाकडं बघत. बोलना न्हाई, हसना न्हाई. लोक दाबून दाबून बेजार. जो पयला फुटला त्याला स्टेजवर घ्यायचे आन त्याचीच नक्कल करायचे. मंग शेवटाला हळूच मनायचे, 'डीपी जळाला.'"

डीपी म्हणजे गावाला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर. या भागात तो जळला की गाव आठवडाभर अंधारात. व्यंकटभाऊ म्हणे प्रत्येक गावात आधी चहा पीत चौकशी करायचे, की इथं काय मेलं? कुठं हापसा, कुठं दुपारची एसटी, कुठं निम्म्यात राहिलेला पूल. त्याचीच श्रद्धांजली.

"आता इकडं मौन मनलं की लोकांला हसू येतंय," खलीलभाई म्हणाले. "खऱ्या मयतीला बी लई पंचाईत होते. मागं एका सायबाच्या शोकसभेत आमी चौघं बाहेर जाऊन उभे राहिलो."

"मग हे एकाही व्हिडिओत कसं नाही?"

"गप बसलेल्या मानसाचा व्हिडिओ कोन काढतंय ताई?"

मला एकदम एकटं वाटलं. ज्या माणसाची भक्त म्हणून मी एवढी लांब आले, त्याची सगळ्यांत मोठी गोष्ट मला माहीतच नव्हती. आणि गोंधळ संपला असंही नाही. मी त्या लठ्ठ गृहस्थांना विचारलं, "तुम्ही नेमके का हसलात?" ते म्हणाले, "भाऊ समोर उभं असल्यासारखं वाटलं." त्यांच्या बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "ह्ये हसले मनून मी हसले." आता याला प्रेम म्हणायचं की संसर्ग?

संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे चेहरे उतरले होते. मुरुडला जायची बंदी सगळ्यांच्या जिव्हारी लागली होती. पण त्याहून वाईट म्हणजे प्रयागबाई काय समजून गेल्या, हे. शेवटी सगळ्यांनी मिळून मला पुढं केलं. "ताई, तुमी बाईमानूस. तुमी हसल्याबी न्हाई. तुमचं ऐकतील त्या." लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस मला जन्मजातच आहे. मी हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खलीलभाईंच्या स्पीकरच्या टेम्पोतून आम्ही निघालो. लोहा, अहमदपूर, चाकूर करत रस्ता लातूरकडं जातो. दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन, डोक्याएवढी ज्वारी, मधूनच तुरीच्या कापून उभ्या केलेल्या पेंढ्या. आमच्याकडं एका नजरेत दोन डोंगर आणि चार वळणं मावतात. इथं नजर जाते ती जातेच, अडतच नाही. मला जरा भीतीच वाटली. अहमदपूरच्या पुढं टायर बसला. खलीलभाई जॅक लावत होते, तोवर मी बांधावर बसून प्रयागबाईंना काय सांगायचं, ते मनात जुळवत होते. 'तुमच्या नवऱ्यावर प्रेम आहे म्हणून लोक हसले.' हे वाक्य मनात बरं वाटे, पण मोठ्यानं म्हणून बघितलं की थापच वाटे.

लातुरात जेवलो. ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी (भाजलेल्या धान्या-मसाल्याच्या पिठाची झणझणीत आमटी). खलीलभाईंनी घास घेतला नाही. मुरुडच्या अलीकडं त्यांनी टेम्पो झाडाखाली लावला आणि म्हणाले, "मी हितंच थांबतो. मला बघून नागनाथ भडकंल."

प्रयागबाई अंगणात उद्याच्या स्वयंपाकाची डाळ निवडत होत्या. मी ओळख सांगितली. "वहिनी, मी चिपळूणहून आलेय." त्यांनी पाणी दिलं, सतरंजी टाकली. भिंतीला हार घातलेला एक फोटो होता. गंभीर, गालफडं बसलेला, अनोळखी माणूस.

"हे कोण?" मी विचारलं.

"आवो माय, त्येच की. आधारकार्डावरचा मोठा करून आनला पोरानं. धडाचा तेवढाच हाय."

इतकी वर्षं त्या चेहऱ्यावर हसले, आणि सरळ झाल्यावर तो मला ओळखू आला नाही.

मग मी नांदेडचं बोलणं काढलं. त्यांचा डाळीतला हात थांबला.

"जित्ता असताना हसले, त्याचं मला काई न्हाई," त्या म्हणाल्या. "त्याचं पोट व्हतं त्ये. पर मेल्यावरबी? मान्साला एक दिस तरी धड रडावं का न्हाई कुनी?"

मी सगळं सांगितलं. टोपी काढून येणं, मौन, एकेकाकडं बघणं, डीपी. पाहिलं नव्हतं तरी जमेल तसं सांगितलं. त्यांनी कधीच कार्यक्रम पाहिला नव्हता. 'तू म्होरं बसलीस की मला नक्कल व्हत न्हाई,' असं भाऊ म्हणायचे म्हणे.

"मंजे स्टेजवरबी गपच उभं राहायचे?" त्यांनी विचारलं.

"सुरुवातीला. आणि लोकांना तेच सगळ्यांत जास्त आवडायचं."

"घरी तर गपच असायचे," त्या म्हणाल्या. "घसा दुखतो मनायचे. मला वाटायचं, सगळं बोलनं गावाला वाटून आले, मला काय उरलंच न्हाई. जेवायला बसले की नुस्तं माझ्या तोंडाकडं बघत बसायचे. मी चिडून उठून जायची."

त्यांनी पुन्हा डाळ निवडायला घेतली. माझं सांगणं पटलं, की मी जखमेवर मीठ चोळलं, मला कळेना. इतक्यात नागनाथ आला. मी कोण, कशाला आले, हे ऐकून त्याचा चेहरा आंबट झाला. पण प्रयागबाईच म्हणाल्या, "येऊ दे रे त्यांना. श्राद्धाला आलेल्याला न्हाई मनू नये."

"येऊ दे. पर एकबी हसला तर मांडवातून हाकलून दीन," नागनाथ म्हणाला.

टेम्पोजवळ जाऊन मी हे सांगितलं. खलीलभाईंनी लगेच ग्रुपवर निरोप टाकला. रागावलेल्या मास्तरासारखा.

कीर्तनाच्या दिवशी सकाळी नांदेडची मंडळी दोन जीपा भरून आली. या वेळी सगळे पांढऱ्या कपड्यांत, आणि मी नेमकी निळी साडी नेसले होते, कारण पांढरीवर येसराची आमटी सांडली होती. फोटोपाशी येऊन एक-दोघांनी हळूच विचारलं, "भाऊचा फोटो कुठंय?" समोरच होता. कीर्तन चांगलं झालं. बुवांनी जीवन क्षणभंगुर असल्याचं सांगितलं. सगळे चाहते वर्गात शिक्षा झाल्यासारखे ताठ बसून ऐकत होते. मी बायकांत, प्रयागबाईंच्या शेजारी बसले होते.

शेवटी नागनाथनं माईक घेतला. सगळ्यांकडं एकदा रोखून पाहिलं आणि म्हणाला, "दोन मिनिटं मौन."

सगळे उठले. खलीलभाईंनी रुमाल दातांत धरला. लठ्ठ गृहस्थ जमिनीकडं बघत होते. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. कुणी खोकलंसुद्धा नाही. मांडवामागं कढईत भजी तळली जात होती, तेवढाच आवाज. दोन मिनिटं पूर्ण झाली, सगळे खाली बसले, आणि मी सुटकेचा श्वास टाकला. जमलं होतं. माझी शिष्टाई फळाला आली होती.

प्रयागबाईंनी मला कोपर मारलं. त्यांचा चेहरा पडला होता.

"कुनीच हसलं न्हाई की वो," त्या म्हणाल्या. "वरसातच इसरले व्हय?"

मी घाईनं म्हटलं, "नाही हो वहिनी, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून दाबून धरलंय त्यांनी."

"मला बघायचं व्हतं," त्या म्हणाल्या. "मला एकदा तरी बघायचं व्हतं." आणि मोठ्यानं हाक मारली, "नागनाथा! परत उभं कर सगळ्यांला."

"आई, मौन एकदाच असतंय."

"उभं कर मनते मी."

सगळे गोंधळून पुन्हा उठले. प्रयागबाईही उठल्या आणि थेट पुढं जाऊन फोटोशेजारी उभ्या राहिल्या. हात घट्ट धरून त्या एकेकाच्या तोंडाकडं बघायला लागल्या. मी ते कधीच पाहिलं नव्हतं, तरी मला कळलं, की व्यंकटभाऊ असेच बघत असणार.

आता हसायला परवानगी होती. पण हसू कुणाला येईना. नागनाथ काळजीनं आईकडं बघत होता. आणि अचानक खलीलभाईंनी तोंडातला रुमाल काढला आणि ते लहान पोरासारखे भोकाड पसरून रडायला लागले. त्यांच्या मागं लठ्ठ गृहस्थ. मग धर्माबादचे. मग मी. वर्षभर न रडलेले सगळे त्या मांडवात ढसाढसा रडले.

प्रयागबाई बघत राहिल्या. एकाकडून दुसऱ्याकडं. मग त्यांचे ओठ थरथरले, त्यांनी पदर तोंडाला लावला, पण तो पुरला नाही. त्या हसायला लागल्या. अंग हलवून, डोळ्यांतून पाणी काढत, नवऱ्याच्या फोटोचा आधार घेऊन हसल्या.

"आगं माय," त्या कशाबशा म्हणाल्या, "काय येडी मानसं गोळा केली वो ह्या मान्सानं! एकालाबी टाइम कळना गेलाय."

जेवणाच्या पंगतीत त्यांनी स्वतः वाढलं. खलीलभाईंच्या पानात दोनदा गोड घातलं. नागनाथ कुणाशी बोलला नाही, पण पाण्याचा जग घेऊन सगळ्यांच्या मागं फिरत होता.

लातूरहून गाडीत बसले तेव्हा मी मोबाईल काढला आणि भाऊंचा एक जुना व्हिडिओ लावला. नेहमीच्या ठिकाणी मला हसू आलं नाही. जिथं ते पुढच्या नकलेआधी क्षणभर थांबतात, आणि ज्या जागी मी आजवर बोटानं व्हिडिओ पुढं सरकवत आले, तिथं मात्र मी हसले. समोरच्या बाकावरचा माणूस चमकून बघायला लागला. हे बरं झालं की वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. श्रद्धांजली म्हणजे नक्की काय करायचं, हे चिपळूण सोडताना मला पक्कं माहीत होतं. आता विचाराल तर सांगता येणार नाही.

घरी आल्यावर नवऱ्यानं चहा करून दिला आणि विचारलं, "कसा झाला कार्यक्रम? लोक रडले का?"

"रडले की," मी म्हटलं. "हसायला उभं केलं होतं, तेव्हा."